पिसवांचे बिऱ्हाड

गाय, घोडा, हत्ती, मोर या प्राण्यांवर निबंध लिहिण्याची आपल्याकडे जुनी प्रथा आहे. फार काय, मुंगीसुद्धा क्रमिक पुस्तकांतून मोठ्या मानाने वावरत असते. मुंगी उद्योगी, मधमाशी शिस्तीची, कोळी चिकाटीचा. प्रत्येकाच्या गळ्यात एकेक सद्गुण बांधून लेखकांनी त्यांस पावन करून घेतले आहे. पिसूच्या वाट्यास मात्र हे भाग्य कधी आले नाही. तिच्या अंगी गुण नाहीत म्हणावे, तर तसेही नाही. जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीचा हा जीव एका उडीत वीसेक सेंटिमीटर अंतर सहज तोडतो. माणसाने आपल्या उंचीच्या मानाने एवढी उडी मारावयाची म्हटली, तर आमच्या शाळेच्या पटांगणाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास पोहोचावे लागेल. रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञाने १६६५ साली सूक्ष्मदर्शकातून पाहून पिसूचे जे चित्र प्रसिद्ध केले, ते एखाद्या चिलखत घातलेल्या सरदारासारखे दिसते. परंतु चित्रातला सरदार निराळा आणि आपल्या अंथरुणातला निराळा. २०२४ सालच्या पावसाळ्यात या सरदाराच्या फौजेने आमच्या घरी तळ दिला, आणि तो उठेपर्यंत दिवाळी उजाडली. त्या चार-साडेचार महिन्यांत आम्हां भावंडांना जे शिकावे लागले, ते कोणत्याही परीक्षेस नेमलेले नव्हते. तरीही त्यावर एका जिवाचे नव्हे, चार जिवांचे भवितव्य अवलंबून होते, म्हणून ते येथे लिहीत आहोत.

आमचे घर शहापुरातले, जुन्या बांधणीचे. वर मंगळुरी कौले, मधल्या घरावर लाकडी माळा, खाली शहाबादी फरशी आणि मागे परसात जळणाची एक मातीची खोली. फरशीच्या सांध्यांतला चुना आजोबांच्या काळीच निघून गेला असावा. त्या फटींत एखादे नाणे पडले तर ते हेअरपिनने कोरून काढावे लागते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर वसलेले असले, तरी सह्याद्री जवळ असल्याने येथला पाऊस झिमझिमत राहणारा आहे. जूनमध्ये आभाळ भरून आले की ते गणेशचतुर्थीपर्यंत पुरते मोकळे होत नाही. कपडे वाळत नाहीत, काडेपेटी सादळते, वाकळांना कुबट वास सुटतो. माणसांना नकोशी वाटणारी हीच हवा पिसवांना किती मानवते, याची तेव्हा आम्हांस कल्पना नव्हती.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या मनीने माळ्यावर जुन्या वाकळांच्या टोपलीत चार पिले घातली. दोन काळी-पांढरी, एक राखी आणि एक तांबूस. जूनच्या मध्यास कौल सरकून टोपलीशेजारी गळू लागले, तेव्हा मनीने एकेकास मानगुटीला धरून खाली आणले आणि आजीच्या पलंगाखाली आपले बिऱ्हाड मांडले. आजीने तक्रार केली नाही. तिच्या मते मांजर आपल्या पायाने घरात येते ते शुभच असते, आणि परसातल्या खोलीतल्या उंदरांचा बंदोबस्त मनीखेरीज कोणी केला असता?

आठ-दहा दिवसांत घरातील सर्वांचे घोटे खाजू लागले. प्रथम संशय डासांवर गेला, मग ढेकणांवर. परंतु डास घोट्यापाशीच तीन-तीन, चार-चार गांधी ओळीने उठवीत नाही, आणि ढेकूण असता तर पलंगाच्या खाचांत त्याच्या खुणा सापडल्या असत्या. आमच्यांतील थोरलीने वाचनात आलेली एक परीक्षा करून पाहिली. मनी झोपते त्या वाकळेवर मिठाच्या व मिऱ्याच्या भुकटीसारखे जे बारीक काळे-पांढरे कण पडले होते, त्यांतील काळे कण तिने ओल्या पांढऱ्या कागदावर टाकले. क्षणाधार्त प्रत्येक कणाभोवती तांबूस वलय उमटले. ती धूळ नव्हती. पिसवांची विष्ठा, म्हणजे मनीचेच वाळलेले रक्त होते. आणि पांढरे कण ही अंडी होती.

हे कळल्यावर आम्ही मनीच्या पोटावरचा केस फुंकून पाहिला. काळसर तपकिरी, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे जीव केसांच्या मुळांतून अशा चपळाईने पळाले, की चिमटीत एकही आला नाही. चपटेपणामुळे त्यांस केसांच्या रानात वाट काढता येते, आणि अंगावरील मागे वळलेल्या काट्यांमुळे मांजराने कितीही चाटले-ओरबाडले तरी ते सहज निसटून पडत नाहीत.

घरात पिसवा झाल्याची वार्ता गल्लीत पसरण्यास वेळ लागला नाही, आणि उपाय सांगणाऱ्यांची रीघ लागली. आपल्याकडे मोफत मिळणाऱ्या गोष्टींत सल्ला हा सर्वांत विपुल असावा. शेजारच्या काकूंनी वेखंडाची पूड मनीच्या अंगास चोळावयास सांगितली. कोणी कापूर सुचविला, कोणी डांबराच्या गोळ्या टोपलीत ठेवा म्हणाले. निपाणीहून आलेल्या मामांनी तर आपल्या गावास शोभेल असाच तोडगा काढला: तंबाखू रात्रभर भिजत घालावा आणि त्या पाण्याने मांजरास न्हाऊ घालावे. मामा म्हणाले, "आमच्याकडं बैलांच्या गोचिडांस हाच उपाय. दुसऱ्या दिवशी एक गोचीड दिसायची नाही." बैलास काय सोसते आणि दोन-तीन किलोच्या मांजरीस काय सोसते, यांत मोठे अंतर आहे. मांजर आपले अंग सदैव जिभेने स्वच्छ करीत असते. तिच्या केसांवर जे जे पडेल ते ते घटकाभरात तिच्या पोटात जाते. तंबाखूतील निकोटिन, कापूर, डांबराच्या गोळ्या, फिनेलची फवारणी या सर्व वस्तू तिला विषासमान आहेत. पुढे डॉक्टरबाईंनीही हेच सांगितले. मामांचा तोडगा आईने मोठ्या खुबीने टाळला. मामांना चहा दिला आणि तंबाखूची पुडी आणावयास कोणालाच पाठविले नाही.

याहून मोठा प्रसंग बाजारातून आणलेल्या भुकटीने आणला असता. बाबांनी येताना एका दुकानातून पिसवांची भुकटी आणली. दुकानदाराने त्यांस निक्षून सांगितले होते, "कुत्रं काय नि मांजर काय, एकच औषध." आम्हांस डब्यावरील मजकूर वाचण्याची खोड आहे. (ती आईने लावली, मिठाईच्या खोक्यापासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत सर्व काही ती वाचून पाहते.) डब्याच्या तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत दोन गोष्टी छापल्या होत्या: द्रव्याचे नाव पर्मेथ्रिन, आणि 'केवळ कुत्र्यांसाठी'. पर्मेथ्रिन कुत्र्याच्या शरीरात लवकर निकामी होते. परंतु अशा द्रव्यांची विल्हेवाट लावणारी एक क्रिया मांजराच्या यकृतात फारच दुबळी असते, त्यामुळे तेच औषध मांजरास झटके आणून प्रसंगी मारते. डबा तसाच परत गेला. दुकानदाराने पैसे दिले नाहीत, बदल्यात साबण दिले. कुत्र्याचे औषध मांजरास चालते असे सांगणारे दुकानदार आणखीही असतील. म्हणून ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी एवढी एक ओळ तरी ध्यानात ठेवावी, अशी आमची हात जोडून विनंती आहे.

इकडे बाबांचा धीर सुटत चालला होता. ते एका पतसंस्थेत हिशेबनीस आहेत, आणि रात्रीची झोप न झाल्याने त्यांच्या ताळेबंदात रुपयांचा घोळ होऊ लागला होता. धाकट्याच्या पायांवरील गांधी खाजवून-खाजवून चिघळल्या होत्या. जूनच्या अखेरीस एका रात्री जेवताना ते शांतपणे म्हणाले, "पंधरा दिवस देतो. जुलैच्या पंधरा तारखेपर्यंत पिसवा गेल्या नाहीत, तर मनीला आणि पिलांना मार्कंडेय नदीपलीकडे सोडून यावे लागेल. मला आनंद नाही, पण माणसांपेक्षा मांजर मोठे नाही." बाबा सहसा रागावत नाहीत, म्हणूनच त्यांचे शांतपणे बोलणे आम्हांस फार लागले. गल्लीतून पोत्यात घालून नदीपलीकडे सोडलेली मांजरे आम्ही पाहिलेली आहेत. त्यांतली एखादी परत येते. बाकीच्यांचे काय होते हे कोणी विचारीत नाही.

आजी त्या रात्री बराच वेळ बोलली नाही. मग तिने तिच्या आजीकडून ऐकलेली प्लेगची हकीकत सांगितली. घरात उंदीर मरून पडला की माणसे भांडीकुंडी घेऊन रानात झोपड्या घालून राहात, आणि पुष्कळ दिवसांनी परतल्यावर गल्लीत निम्म्या दारांना कुलपे दिसत. "तेव्हाही पिसवाच होत्या म्हणतात," ती म्हणाली. हे खरेच आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला आणि पुढील काही वर्षांत तो आमच्या भागापर्यंत पसरला. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १८९७ च्या मार्च महिन्यात त्याच रोगाने वारल्या. रोग उंदरावरून माणसावर कसा येतो, हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमॉन या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत प्रयोग करून उंदरांवरील पिसू हीच त्याची वाहक असल्याचे दाखविले. कराची आणि बेळगाव ही दोन्ही गावे तेव्हा एकाच मुंबई इलाख्यात मोडत होती, ही गोष्ट आज कोणास खरी वाटणार नाही. सिमॉनच्या म्हणण्यावर प्रथम कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे काही वर्षांनी मुंबईत झालेल्या प्रयोगांनी ते पटले. आजीच्या मनातली भीती काढण्यासाठी आम्ही तिला एवढेच सांगितले, की प्लेग पसरविणारी मुख्यतः उंदराची पिसू, ती जातच निराळी. आणि उंदीर घरात येऊ नयेत म्हणून तर मनी येथे आहे. आजीस हा युक्तिवाद पसंत पडला. दुसऱ्या दिवशी तिने तो बाबांनाही ऐकविला. पण बाबांनी मुदत मागे घेतली नाही.

जुलैच्या पहिल्या तारखेस सकाळी पलंगाखाली राखी पिलू मरून पडलेले आढळले. आदल्या दिवशी ते दूध प्यायले होते. मनी त्याला चाटून उठवीत होती. आम्ही त्याला परसातल्या पारिजातकाखाली पुरले आणि परत येऊन इतर तिघांकडे पाहिले, तो तांबूस पिलाच्या, म्हणजे तांबूच्या हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या दिसल्या. तेव्हा शाळेत न जाता आईला बरोबर घेऊन आम्ही तिन्ही पिले व मनी एका टोपलीत घालून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली.

तेथील डॉक्टरबाई धारवाडकडच्या, मराठी समजणाऱ्या पण कानडी वळणाने बोलणाऱ्या. तांबूचा ओठ वर करून पाहताच त्या म्हणाल्या, "चिगट. रक्त सगळं चिगट पिऊन गेलंय." आजी बरोबर असती तर म्हणाली असती की पिलू चिकट कोठे आहे, आम्हांस मात्र कानडीत पिसूला चिगट म्हणतात हे ठाऊक होते. एक पिसू कितीसे रक्त पिणार, असे आपणांस वाटते. पण पावशेर वजनाच्या पिलाच्या अंगावर पन्नास-साठ पिसवा दिवसभर पीत राहिल्या, तर त्याचे रक्त किती दिवस पुरावे? राखी पिलू त्यानेच गेले होते. तांबूला त्यांनी रक्तवाढीचे थेंब दिले, ऊब देण्यास सांगितले, आणि "दोन दिवस निघाले तर जगेल" एवढेच म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी जे समजावून सांगितले त्याने आमच्या सर्व कल्पना उलट्यापालट्या झाल्या. अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे सगळ्या प्रजेचा एक अगदी लहान हिस्सा. बाकी सारी वस्ती अंडी, अळ्या आणि कोश यांच्या रूपाने घरात पसरलेली असते. रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांत मादी अंडी घालू लागते, आणि ऐन भरात दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत घालते. अंडी गुळगुळीत असल्याने केसांत टिकत नाहीत. मांजर जेथे झोपेल, अंग झाडील, तेथे त्यांचा सडा पडतो. त्यांतून पांढऱ्या, बिनपायांच्या, सुताएवढ्या अळ्या निघतात. त्यांस उजेड सोसत नाही. त्या फटींत, वाकळेच्या टाक्यांत, मातीत खोल शिरतात आणि वरून पडणारी पिसवांची विष्ठा खाऊन वाढतात. म्हणजे आईने रक्त प्यावे आणि त्यातले काही वाळवून पोरांसाठी शिदोरी म्हणून खाली टाकावे, असा हा संसार आहे. हवेत दमटपणा नसेल तर अळ्या सुकून मरतात, आणि कडक उन्हाळ्याची उष्णताही त्यांस सोसत नाही. बेळगावच्या आषाढात त्यांस काय तोटा?

अळी मोठी झाली की अंगाभोवती रेशमाचा कोश विणते. तो कोश खरोखरच चिकट असतो (येथे आजीचे बरोबर ठरले असते). भोवतालची धूळ व वाळू त्यास चिकटून तो एखाद्या खड्यासारखा दिसतो, आणि त्यावर बहुतेक औषधांची मात्रा चालत नाही. आत तयार झालेली पिसू बाहेर येण्याची घाई करीत नाही. माणसाच्या पावलाचा कंप, अंगाची ऊब, श्वास यांची चाहूल लागेपर्यंत ती कित्येक आठवडे, प्रसंगी काही महिनेही, कोशात वाट पाहते. बंद घर उघडून माणसे आत शिरताच पिसवांनी त्यांच्या पायांवर झडप घातल्याच्या गोष्टी आपण ऐकतो, त्यांचे कारण हे.

आईने तेव्हा विचारले, "मांजरे घराबाहेर काढली तर?" डॉक्टरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, मांजर काढलात तर कोशातून निघालेल्या पिसवा कुणावर जातील? तुमच्यावर आणि या पोरांवर. मांजरच तुमचा सापळा आहे. तिच्या अंगावर औषध घाला, घरात फिरू द्या. जी उडी मारेल ती मरेल." त्यांनी मनीच्या मानेमागे, जेथे तिची जीभ पोहोचत नाही, फिप्रोनिलचे थेंब केस बाजूला करून कातडीवर घातले आणि ते दर महिन्यास घालावयास सांगितले. (ज्यांच्या घरी ससे आहेत त्यांनी मात्र हे औषध त्यांच्यापासून दूर ठेवावे, सशांस ते बाधते.) पिले जेमतेम पाच आठवड्यांची, औषधास लहान. त्यांच्यासाठी फणी. मनीच्या शेपटीखाली काकडीच्या बीसारखे काही चिकटलेले पाहून डॉक्टरबाईंनी तिला जंतांची गोळीही दिली. चाटताना मांजराने पिसू गिळली की तिच्यातून पोटात एक पट्टकृमी जातो, त्याचे ते तुकडे होते.

पुढचे पंधरा दिवस कसे गेले हे सांगण्यास फार जागा लागणार नाही, कारण ते सगळे एकसारखे होते. पहाटे फरशीच्या फटी केरसुणीच्या काडीने कोरावयाच्या, बंबातले उकळते पाणी त्यांत ओतावयाचे, पलंग हलवून खाली झाडावयाचे, केर परसात जाळावयाचा. मनीच्या वाकळा हंड्यात उकळून चुलीवरच्या दोरीवर वाळवावयाच्या, ऊन नव्हतेच. माळ्यावरची टोपली आजीने स्वतः चुलीत घातली. मातीच्या खोलीतले जळण बाहेर काढून जमीन खरवडली. आजीच्या लहानपणापासून देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात पडलेली उवांची शिंगाची फणी तिने शोधून दिली. बाजारात मिळणाऱ्या फण्यांपेक्षा तिचे दाते बारीक आहेत, आणि ती पिलांच्या अंगातून फिरविली की पिसू हमखास अडकते. शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी ठेवावी आणि फणी त्यात बुडवावी. साबणामुळे पिसू तरंगू शकत नाही, बुडून मरते. नखाने चिरडण्याच्या नादी लागू नये, ती निसटते. तांबूला एका वहाणांच्या खोक्यात कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवून दर दोन तासांनी दूध पाजले, त्यात रात्रीच्या पाळ्या आल्या. दोन दिवस निघाले. तिसऱ्या दिवशी त्याने धाकट्याचा अंगठा चावला, तेव्हा घरात काही वेळ सणासारखे वाटले.

बाबा हिशेबाचे माणूस. त्यांच्यापुढे रडून उपयोग नाही, आकडे मांडले पाहिजेत, हे आम्ही जाणून होतो. म्हणून दोनशे पानी वहीत दोन रकाने आखले. पहिल्यात घरातील पिसवा: शाळेचे पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढून सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारावयाची आणि मोज्यांवर चढलेल्या मोजावयाच्या, शिवाय रात्री पसरट ताटात साबणाचे पाणी घालून वर छोटा दिवा ठेवावयाचा आणि सकाळी बुडालेल्या मोजावयाच्या. उजेड व ऊब पाहून त्या तिकडे उडतात. दुसऱ्या रकान्यात मनीच्या अंगातून फणीने निघालेल्या. पहिल्या दिवशी घरात ३१ आणि मनीच्या अंगावर ५७. चौथ्या दिवशी घरात १२, मनीवर २. आम्ही मनात दिवाळी साजरी केली. अकराव्या दिवशी घरात २६, तेराव्या दिवशी ३४. डॉक्टरबाईंनी हे आधीच सांगून ठेवले होते, की कोशांतले जसजसे बाहेर पडतील तसतशा दोन-तीन आठवड्यांनी पिसवा वाढल्यासारख्या वाटतील, धीर सोडू नका. परंतु डॉक्टरबाईंच्या दोन-तीन आठवड्यांचा आणि बाबांच्या पंधरा तारखेचा मेळ बसत नव्हता.

पंधरा तारखेच्या संध्याकाळी बाबा पतसंस्थेतून आले, तेव्हा त्यांच्या हातात एक रिकामे पोते होते. ते त्यांनी सोप्यावरच ठेवले. कोणी काही बोलले नाही. आजी माळ ओढीत बसली होती, तिचे ओठ हलत होते पण मणी पुढे सरकत नव्हते. आम्ही वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून वाचावयास सुरुवात केली. पहिला रकाना पाहून कपाळास आठ्या पडल्या. मग बोट दुसऱ्या रकान्यावर सरकले: २, ०, १, ३, १, ०. "या मनीच्या अंगावरच्या जिवंत होत्या?" त्यांनी विचारले. आम्ही सांगितले, की बहुतेक मेलेल्या किंवा अर्धमेल्या, उडू न शकणाऱ्या. "म्हणजे नवी अंडी?" एक-दोन दिवस जगल्याखेरीज अंडी घालता येत नाहीत, आम्ही म्हणालो. बाबांनी खिशातले पेन काढले, दोन्ही रकान्यांखाली बेरजा केल्या, आणि बराच वेळ त्यांकडे पाहात राहिले. अखेर म्हणाले, "जमा होते आहे, पण शिल्लक राहत नाही. जुनी ठेव संपली की खाते बंद होईल." एवढे बोलून त्यांनी त्या पानावर तारीख घालून सही केली, जशी ते पतसंस्थेच्या रोजकीर्दीवर करतात. पोत्यात दुसऱ्या दिवशी आजीने शेंगा भरल्या.

ऑगस्टच्या आरंभी पिले दोन महिन्यांची झाल्यावर डॉक्टरबाईंनी वजन करून त्यांनाही थेंब घातले. त्या महिन्यात मोज्यांवर कधी चार, कधी दोन. गणपतीला पाहुणे आले तेव्हा आईने त्यांच्या अंथरुणांकडे मोठ्या काळजीने पाहिले, पण कोणी खाजविले नाही. सप्टेंबरच्या मध्यानंतर सलग शून्ये आली. धाकट्याने शून्यांचे लाल शाईने वेलबुट्टीदार नमुने काढले आहेत. शास्त्रीय नोंदवहीत असे करू नये हे त्यास पुष्कळदा सांगून झाले.

ऑक्टोबरच्या अखेरीस दिवाळीची साफसफाई निघाली आणि आजोबांची लोखंडी पेटी, जी चार माणसांखेरीज हलत नाही म्हणून जुलैत तशीच राहिली होती, ती भिंतीपासून ओढली. ओढता ओढताच बाबांच्या पायावर तीन पिसवा चढल्या. जुलैपासून त्या पेटीखाली कोशात बसून कोणीतरी येण्याची वाट पाहात होत्या. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी त्या तिन्ही साबणाच्या पाण्यात बुडविल्या, वही मागितली, आणि ३० ऑक्टोबरच्या समोर स्वतःच्या अक्षरात ३ हा आकडा लिहिला. पेटीखालची जागा उकळत्या पाण्याने धुतली, फटी सिमेंटने बुजविल्या.

त्यानंतर वहीत काही लिहावे लागलेले नाही. दोन काळी-पांढरी पिले गल्लीतल्या दोन घरी दिली. देताना मानेमागच्या थेंबांची तारीखही लिहून दिली. तांबू आता बोका झाला असून पतसंस्थेला निघालेल्या बाबांच्या सायकलीमागे कोपऱ्यापर्यंत जातो. वहीची उरलेली पाने आईने दुधाच्या हिशेबास घेतली आहेत.